घोट्यापलीकडचा समुद्र

मैत्रिणींनो, सुट्टीत कधी समुद्रावर गेलात तर एक गोष्ट मुद्दाम बघा. मुलं पाण्यात असतात. मुलांचे बाबा पँट दुमडून, नाहीतर चक्क उघड्या अंगानं पाण्यात असतात. आणि आई? आई वाळूत उभी असते. एका हातात सगळ्यांच्या चपला, दुसऱ्या हातात टॉवेलांची पिशवी, खांद्याला पाण्याच्या बाटल्या. साडीचा घोळ चार बोटं वर धरून ती घोट्यापर्यंत जाते, एक लाट पायांवरून जाऊ देते आणि मागं फिरते. घरी आल्यावर कुणी विचारलं तर म्हणते, "छान झाली हो सहल, मुलं अगदी खूश होती!"

ही बाई माझ्या चांगली ओळखीची आहे. माझी आई अशी होती आणि अगदी परवापरवापर्यंत मीही अशीच होते.

माझं माहेर गुहागरचं. घरामागं नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीचं बेडं उघडलं की समोर समुद्र. माझे भाऊ, चुलतभाऊ त्या पाण्यातच लहानाचे मोठे झाले. आम्हां मुलींना मात्र "मुलीच्या जातीला काय करायचंय पोहून?" असं सांगितलेलं. भीतीही अगदीच खोटी नव्हती म्हणा. आपला कोकणातला समुद्र ओढीचा. कुणी ना कुणी पाहुणा बुडाल्याची बातमी अधूनमधून कानावर यायचीच. पण तोच समुद्र भावांना कसा चालायचा, हा प्रश्न त्या वयात मला सुचला नाही. आई १९८१ साली लग्न होऊन त्या घरात आली आणि २०२२ साली गेली. एक्केचाळीस वर्षं ती समुद्राची गाज ऐकत झोपली, पण तिच्या घोट्याच्या वर पाणी काही चढलं नाही.

तर अशी मी, साताऱ्यात दिलेली, सकाळी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी आणि उरलेल्या वेळात घर सांभाळणारी, स्पेनच्या समुद्रावर कशी पोचले ते आधी सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईंना लॉटरीच लागली!

माझे धाकटे दीर जर्मनीत स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यात आहेत. "आईला एकदा इकडे आणा" असा त्यांचा किती वर्षांचा धोशा. सासूबाई सत्तरीच्या, एकट्या विमानात बसायला काही केल्या तयार नाहीत. शेवटी २०२३ च्या मे अखेरीस आम्ही सगळेच निघालो. सासूबाई, मी, हे, सहावी संपवून सातवीत जाणारी रेवा आणि सहा वर्षांचा अथर्व. तिकडचा राहण्या-खाण्याचा खर्च भावजींनी उचलला. तिकिटं मात्र आमची. ह्यांची एक मुदत ठेव मोडली आणि माझे भिशीचे पैसे त्यात घातले. भावजींच्या मुलांच्या शाळांना त्या सुमारास पेंटेकॉस्ट सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि त्या सुट्टीत निम्मी जर्मनी उन्हाच्या शोधात दक्षिणेकडे धावते. माझ्या जाऊबाईंनी, मृणालनं, त्यातल्या एका आठवड्यासाठी स्पेनमधल्या सालोऊ नावाच्या गावी फ्लॅट घेऊन ठेवला होता. "वहिनी, अगदी कुटुंबवत्सल गाव आहे," ती म्हणाली. गाव कुटुंबवत्सल असतं म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा समजलं नव्हतं.

सालोऊ बार्सिलोनाच्या नैऋत्येला शंभरेक किलोमीटरवर आहे. बार्सिलोनाच्या विमानतळावरून बसनं दीडेक तासात पोचलो. ह्या किनाऱ्याला 'कोस्टा दौराडा' म्हणजे सोनेरी किनारा म्हणतात. वाळू खरोखरच पिवळी आणि रव्यासारखी बारीक. गावात पाट्या दोन भाषांत. एक स्पॅनिश, दुसरी तिथल्या प्रांताची कॅटलान. मी भाषेची शिक्षिका, मला त्याचं फार कौतुक वाटलं. ह्याच बंदरातून १२२९ साली जाऊमे राजा मायोर्का बेट जिंकायला निघाला. तेव्हा त्याचं वय अवघं एकवीस! त्याचं स्मारक समुद्राकाठच्या रस्त्यावर आहे. त्या रस्त्याला नावही त्याचंच आणि दोन्ही बाजूंना ताडामाडांसारखी उंच झाडं. १५३० साली चाचेगिरीच्या भीतीनं बांधलेला एक दगडी बुरूजही गावात उभा आहे. पुढं जवळच्या रेऊस गावच्या श्रीमंतांनी इथं उन्हाळी बंगले बांधले आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत प्रवाशांसाठी उंच उंच इमारती झाल्या. त्या इमारती काही सुंदर नाहीत, खोटं कशाला सांगू! काही गल्ल्यांत रात्री गोंगाटही फार. सौंदर्य म्हणाल तर आपलं गुहागर शंभरपट देखणं.

पण सालोऊची खरी गंमत बघायला समुद्रावर जावं लागतं. मोठा किनारा आहे लेवांतचा, सव्वा किलोमीटर लांब. पहिल्या दिवशी गेलो आणि मी माझ्या सवयीनं भरती कधीची म्हणून विचारलं. भावजी हसले. भूमध्य समुद्राला आपल्यासारखी भरती-ओहोटी नसतेच म्हणे. आपल्याकडे पाणी दोन-दोन मीटर चढतं-उतरतं. इथं जेमतेम वीतभर. समुद्र आपला सकाळ-संध्याकाळ एकाच जागी. तळही हळूहळू उतरत जाणारा, त्यामुळं लहान मुलं बरीच आत गेली तरी पाणी कमरेलाच.

हे झालं निसर्गाचं देणं. बाकीचं माणसांनी केलेलं. किनाऱ्यावर खांबावर झेंडा असतो. हिरवा असेल तर खुशाल पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात पाऊल घालायचं नाही. उंच खुर्चीवर जीवरक्षक बसलेला आणि त्याच्यात एक मुलगीही होती. लहान मुलांच्या मनगटाला आईबापांचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधून मिळते, मूल हरवलं तर शोधाशोध नको. वाळूवर लाकडी फळ्यांची वाट घातलेली, बाबागाडी नि चाकांची खुर्ची थेट पाण्यापर्यंत जावी म्हणून. आणि मैत्रिणींनो, सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्वच्छतागृह! पाणी असलेलं, कडी लागणारं! आपण बायका सहलीला निघताना सकाळपासून पाणी पीत नाही ते कशासाठी, हे पुरुषांना कधी कळलंय का? सासूबाई तिथून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता चार तास बसते मी इथं."

आणखी एक कळलं. १९८८ च्या कायद्यानं स्पेनचा समुद्रकिनारा सगळ्या जनतेचा आहे. कितीही मोठं हॉटेल असो, समोरची वाळू त्याला आपली म्हणून अडवता येत नाही.

आता तुम्हांला एक हसू येण्यासारखी गोष्ट सांगते. तिथं बायका पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत असतात हे ऐकून होतो. पण काही बायका वरचं वस्त्रही न घालता उन्हात पडलेल्या! हे आणि भावजी एकदम क्षितिजावरच्या जहाजाकडे फार बारकाईनं बघायला लागले. मी सासूबाईंकडे चोरून पाहिलं; म्हटलं, आता ह्या परत फिरणार. सासूबाईंनी चष्मा पुसला, एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बिचाऱ्यांना वर्षभर ऊन मिळत नसेल गं." विषय संपला.

त्या दिवशी मी काय केलं? मी बाई, वाळूत चादर अंथरून पिशव्यांच्या मधोमध बसले. मृणालनं माझ्यासाठी स्टुटगार्टहून पोहण्याचा पोशाख आणला होता, लांब बाह्यांचा, खाली गुडघ्याच्या खालपर्यंत विजार, अगदी अंगभर. तो पिशवीत तळाशी होता. रेवानं ओल्या हातानं माझा दंड धरला. "आई, तू येत नाहीस?"

"मी सामान सांभाळते. तू जा."

घोट्यापर्यंत मात्र जाऊन आले हं!

संध्याकाळी दुसरा प्रश्न आला, तो तुमच्याही ओळखीचा. फ्लॅट म्हटला की स्वयंपाकघर आलं, आणि स्वयंपाकघर आलं की आपण आलो! सासूबाईंना रात्री वरणभात लागतो. मी पदर खोचून उठले तर मृणालनं मला हाताला धरून खाली बसवलं. "वहिनी, इथं पाळ्या लावायच्या. एक दिवस मी, एक दिवस तुम्ही, एक दिवस हे दोघं भाऊ. दुपारी बाहेर खायचं." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण कपाळावर आठी दिसली. भावांच्या पाळीच्या दिवशी ती आठी आणखी गडद झाली, कारण ह्यांनी भाताला पाणी जास्त घातलं. पण गंमत अशी की तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर एब्रो नदी समुद्राला मिळते, तिथल्या खाजणांत भात पिकतो. तो तांदूळ जाड, आखूड, गोलसर दाण्याचा. पाणी जास्त झालं तरी मस्त आसट होतो. सासूबाईंनी दोनदा भात घेतला. माझ्या हातचा सोडून थोरल्या लेकाच्या हातचा भात त्यांनी आयुष्यात प्रथमच खाल्ला असावा.

दुपारी बाहेर खायचं म्हणजे शाकाहारी माणसाची उपासमार, अशी आमची समजूत होती. तशी ती झाली नाही. भाजलेल्या पावावर लसूण घासायची, पिकलेला टोमॅटो अर्धा चिरून त्याच पावावर चोळायचा, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ. ही तिथली रोजची न्याहारी. घरी करून बघा, मुलांना फार आवडते. आणि 'एस्कालिवादा' म्हणून एक पदार्थ आला तो बघून सासूबाई उद्गारल्या, "अगं, हे तर वांग्याचं भरीत!" विस्तवावर भाजलेली वांगी आणि लाल ढोबळी मिरची, साल काढून, लांब लांब पट्ट्या करून, वर तेल. त्यांनी नुसती फोडणी तेवढी विसरलीय!

आता मूळ गोष्टीकडे येते.

तिसऱ्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो. झेंडा हिरवा होता. अथर्व आणि भावजींची मुलं धावत सुटली. मी चादर अंथरून बसले आणि बघते तो रेवा माझ्या शेजारी येऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन, अंगाला टॉवेल घट्ट लपेटून.

"काय गं, पाण्यात नाही जायचं?"

"नको. मी पण सामान सांभाळते."

मैत्रिणींनो, काय सांगू! माझ्या छातीत धस्स झालं. मार्चमध्ये तिला पहिली पाळी आली होती. तेव्हापासून ती ओढणीशिवाय दाराबाहेर जात नव्हती, आणि मी मनात म्हणत होते, चला, पोर शहाणी झाली. पहिल्या दिवशी मासोळीसारखी पाण्यात खेळणारी ती पोर दोन दिवस माझ्याकडे बघत होती आणि बघून शिकत होती. मी तिला तोंडानं एक शब्दही "नको" म्हटलं नव्हतं. माझ्या आईनं तरी मला कुठं म्हटलं होतं? ती नुसती चपला धरून उभी राहायची.

शेजारी दोन दिवस एक स्पॅनिश आजी आपली घडीची खुर्ची टाकून बसायच्या. पंच्याहत्तरीच्या असतील, अंगावर फुलाफुलांचा पोहण्याचा पोशाख, पोट सुटलेलं, पायांवर शिरा आलेल्या, पण त्याचं त्यांना सोयरसुतक नाही. त्यांची खुर्ची बरोबर पाण्याच्या काठाशी. लाट येऊन पाय भिजवून जायची. अशा कितीतरी आज्या तिथं ओळीनं बसलेल्या, विहिरीवर बसाव्यात तशा गप्पा छाटत. निवृत्त लोकांसाठी तिथल्या सरकारची एक योजना आहे, १९८५ पासूनची. मोसम नसताना हॉटेलं रिकामी असतात तेव्हा वृद्धांना स्वस्तात सहलीला पाठवतात. म्हाताऱ्यांना हवापालट आणि हॉटेलवाल्यांना गिऱ्हाईक. ह्या आजी त्यातूनच आल्या होत्या. सासूबाईंचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं होतं. ह्या मराठीत बोलत, त्या स्पॅनिशमध्ये, आणि दोघींना सगळं समजत असे!

त्या दिवशी आजींची नात भेटायला आली होती. तिला इंग्रजी येत होतं. तिनं आजींचा प्रश्न मला सांगितला, "मुलगी पाण्यात का जात नाही?" मी काहीतरी सांगितलं, आमच्याकडे अशी पद्धत नाही वगैरे. आजी हसल्या आणि बरंच बोलल्या. त्यातलं मला उमजलं ते असं. त्या लहान असताना त्यांच्याकडेही अशी पद्धत नव्हती! स्पेनमध्ये १९३९ पासून १९७५ पर्यंत फ्रँकोची हुकूमशाही होती. तिच्या सुरुवातीच्या काळात समुद्रावर बायकांनी काय घालावं ह्याचे सरकारी नियम होते. पोशाखाला झालर हवी, छाती-पाठ झाकलेली हवी आणि पाण्याबाहेर आल्याबरोबर अंगावर झगा हवा. नियम मोडला तर दंड. पुढं साठीच्या दशकात परदेशी प्रवासी यायला लागले, पैसा यायला लागला, तसे ते नियम ढिले पडत गेले. आणि ऐका, १९७५ च्या मे महिन्यात कायदा बदलेपर्यंत तिथल्या लग्न झालेल्या बाईला नोकरी करायला, बँकेत खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागायची. आजींचं लग्न त्याच्या आधीचं. "मी पोहायला शिकले तेव्हा माझा मोठा मुलगा दहा वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "त्यानंच शिकवलं मला."

माझी समजूत होती की गोऱ्या बायकांचं सगळं पहिल्यापासून असंच मोकळंढाकळं. तसं मुळीच नाही. समोर दिसणारा तो मोकळा समुद्र एका आयुष्यात झालेला होता, माझ्या शेजारी बसलेल्या ह्या आजींच्याच आयुष्यात.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं, कळलं किती ते देव जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "जा गं दोघी. सामान मी बघते."

"आई, पण..."

"पण काय? मी तुझ्या वयाची होते तेव्हा मला कुणी म्हटलं नाही. मी तुला म्हणतेय. ऊठ."

त्या स्वच्छतागृहात जाऊन मी तो अंगभर पोशाख चढवला. आरशात बघायचं टाळलं. बाहेर आले तेव्हा वाटलं, सगळा किनारा माझ्याकडेच बघतोय. खरं सांगायचं तर एकही माणूस बघत नव्हता. रेवाचा हात धरला. तिनं टॉवेल सासूबाईंच्या मांडीवर टाकला. घोटे झाले, पोटऱ्या झाल्या. जूनच्या सुरुवातीला तिथलं पाणी चांगलं गार असतं, अंगावर शहारा आला. गुडघ्यापाशी मी थांबले, तर रेवाच मला ओढायला लागली. "आई, चल ना, काही होत नाही." कमरेपर्यंत गेलो. मग एक लाट आली, मोठी नव्हती, पण मला काय ठाऊक! मी दाणकन खाली बसले, नाकातोंडात खारट पाणी गेलं, केस सुटले, आणि उभी राहते तो रेवा पोट धरून हसतेय. मार्चनंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मीही हसत होते आणि मधेच मला रडू आलं. समुद्राच्या पाण्यात ते कुणाला कळत नाही, हे एक बरं!

वाडीच्या बेड्याला टेकून उभी राहिलेली आई मला आठवत होती. पाण्याचा भार असा अंगावर येतो आणि मग असा हलकेच उचलतो, हे तिला कधीच कळलं नाही. कळायला घरापासून दोनशे पावलं जावं लागलं असतं.

हे लांबून बघत होते. बाहेर आल्यावर काही बोलले नाहीत, पण मुलांच्या चपला आणि पिशव्या उचलून आपल्याजवळ ओढून घेतल्या. पुढचे सगळे दिवस सामान त्यांनी सांभाळलं. सांगितल्याशिवाय, हं!

एक दिवस मुलं आणि पुरुषमंडळी पोर्टआव्हेंतुरा ह्या खेळांच्या मोठ्या बागेत गेली. ही बाग १९९५ साली झाली, गावाला लागूनच आहे. तिथले पाळणे बघूनच मला चक्कर येते, म्हणून आम्ही तिघी बायका बसनं जवळच्या तारागोना शहरात गेलो. तिथं रोमन लोकांनी दुसऱ्या शतकात बांधलेलं दगडी पायऱ्यांचं क्रीडागार अगदी समुद्राला खेटून आहे. वर एक सज्जा आहे, त्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला की नशीब उघडतं म्हणतात. सासूबाईंनी हात लावून वर नमस्कारही केला. "देव कुठलाही असो, ऐकायला कान असतातच त्याला," म्हणाल्या.

संध्याकाळी नऊ वाजून गेल्यावर तिथं सूर्य मावळतो. मग सगळं गाव त्या झाडांच्या रस्त्यावर फिरायला बाहेर पडतं. आजोबा-आजी, नातवंडं, बाबागाडीतली तान्ही मुलं, रात्री दहा-साडेदहापर्यंत. रंगीत दिव्यांचं एक कारंजं आहे. बार्सिलोनाचं १९२९ सालचं प्रसिद्ध कारंजं ज्या बुइगास नावाच्या कलावंतानं केलं, त्यानंच हेही केलंय. त्याच्या कट्ट्यावर आम्ही रोज बसत असू. बायका एकेकट्या, दोघी-दोघी, निवांत बसलेल्या दिसत; घाईनं घरी जाऊन कणीक भिजवायची आहे असं कुणाच्या चेहऱ्यावर नव्हतं.

पण हे लिहिताना एक गोष्ट लपवली तर ती अप्रामाणिकपणाची होईल. आमच्या इमारतीचे जिने पुसायला रोज सकाळी एक बाई यायची. परक्या देशातून आलेली, माझ्याच वयाची. मी तिला हसून नमस्कार करायची, ती पाठीवर हात ठेवून सरळ होऊन हसायची. मृणालनं सांगितलं की स्पेनमधल्या हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बायकांनी २०१६ साली आपली संघटना उभारली. त्यांना 'केली' म्हणतात. 'ज्या साफ करतात त्या' ह्या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांवरून केलेलं ते नाव आहे. खोल्या फार, मजुरी थोडी आणि पाठीची दुखणी, ह्यासाठी त्या भांडताहेत. माझ्या मनात आलं, मी सुट्टीवर आहे म्हणजे माझं काम कुठं नाहीसं झालेलं नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी आईकडे गेलंय. त्यानंतर निघेपर्यंत आम्ही आमचा केर आम्हीच काढला, नि निघताना चादरी घड्या करून ठेवल्या. तिचं काम त्यानं कितीसं कमी झालं असेल!

शेवटच्या दिवशी सासूबाईंनी आपली खुर्ची आज्यांच्या ओळीत टाकायला लावली. पाचवारी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, पदर कमरेला खोचला आणि पाण्यात पाय सोडून बसल्या. "इथं कोण ओळखतंय मला?" म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि ओळखलं तरी काय?"

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. व्हिसाचं काम तीन महिने आधी सुरू करा. जुलै-ऑगस्टची गर्दी नि महागाई टाळून मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. दुपारच्या उन्हात डोक्यावर टोपी आणि अंगाला उन्हाचं मलम हवंच. बार्सिलोनात पर्स पुढं धरा, खिसेकापूंची नजर फार. घरून मेतकूट, गोडा मसाला आणि लिंबाचं लोणचं न्या. डाळी-तांदूळ तिथं मिळतात. आणि फ्लॅट घेतलात तर स्वयंपाकाच्या पाळ्या पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाका. दुसऱ्या दिवसावर ढकललंत की गेलंच म्हणून समजा!

पण स्पेनला जाणं आपल्यातल्या कितीजणींना जमणार? मलाही पुन्हा जमेल असं नाही. म्हणून शेवटचं सांगते ते आपल्या इथलं.

त्याच वर्षी भाऊबिजेला मी माहेरी गुहागरला गेले. संध्याकाळी सगळे समुद्रावर निघालो. आपल्या सगळ्याच किनाऱ्यांवर झेंडा नि जीवरक्षक नसतात. जगभर चांगल्या किनाऱ्यांना 'निळा झेंडा' नावाचं मानचिन्ह देतात, ते २०२० साली आपल्या देशातल्या आठ किनाऱ्यांना पहिल्यांदा मिळालं. तेव्हा सुरुवात झाली आहे, पण भिस्त अजून आपल्या सावधपणावरच. दादाला भरती-ओहोटीची वेळ विचारली, शेजारच्या कोळ्याला विचारून जागा ठरवली आणि गुडघ्याच्या पुढं जायचं नाही असं मुलांना नि स्वतःलाही बजावलं. रेवा नि मी हात धरून पाण्यात शिरलो.

मागं वळून बघते तो माझी वहिनी वाळूत उभी. एका हातात सगळ्यांच्या चपला, दुसऱ्या हातात टॉवेलांची पिशवी, साडी चार बोटं वर धरलेली.

मी परत काठावर आले. "वहिनी," म्हटलं, "ती पिशवी दादाकडे द्या."

दादा जरा गोंधळला, पण त्यानं पिशवी घेतली. वहिनीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग तिनं चपलाही त्याच्या पायाशी ठेवल्या.